'छान आहे' म्हणतात आणि पुढे जातात

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.)

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी ३३ वर्षांची, दिवसा ग्राफिक डिझायनर, रात्री चित्रकार. 'समोरच्याच्या मनात भावना जागवणं' हेच आपलं तत्त्व असं ती कित्येक वर्षं मानत आलीय, पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावरही तेच वाक्य आहे. रिकाम्या झालेल्या घरांमधल्या स्विचबोर्डांची ११ चित्रं तिने सहा महिने खपून केली, करताना कितीदा तरी रडली. बघणारे म्हणाले, "छान आहे, रंग मस्त आलेत." आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना कुणीतरी घरी न्यावं म्हणून एका संस्थेसाठी तिने ४० मिनिटांत एक पोस्टर उरकलं, तेव्हा डोक्यात फक्त आज परत उशीर झाला एवढंच होतं, तर ते पोस्टर बघून लोक रडले, मेसेजवर मेसेज आले. आता तिला वाटतंय एक तर आपलं तत्त्व खोटं, नाहीतर आपण खोट्या. त्यात क्लायंट "थोडं इमोशनल करा ना" म्हणतो तेव्हा आपण लोकांच्या भावनांशी खेळतोय असं वाटून तिला स्वतःचीच शिसारी येते. दोन महिन्यांनी पहिलं प्रदर्शन आहे, त्यासाठी आपल्या कामाबद्दल एक पान लिहून द्यायचंय. काय लिहू? की डिझाइन सोडूनच देऊ? असं तिने विचारलंय.

---

तू मला ताई म्हणालीस म्हणून मीही सरळ अगंतुगंवरच येते, चालेल ना.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि 'भावना' आणि 'इमोशन' हे शब्द मोजले, रागावू नकोस, ते १९ वेळा आलेत. आणि १९ पैकी एकदाही कुठली भावना ते नाही. भावना जागवायचीय, बरं, पण कुठली गं? दुकानात जाऊन "कापड द्या" म्हटलं तर दुकानदार बघतच राहील ना.

आपल्या भाषेत यासाठी शब्दांचा नुसता पाऊस आहे आणि आपण सगळे मिळून 'इमोशनल' म्हणतो. रुखरुख म्हणजे काहीतरी करायचं राहून गेलं त्याची. चुटपुट त्याहून छोटी, अगदी थोडक्यात हुकलं त्याची. हुरहूर वेगळी, तिला कारण लागतच नाही, नुसतं संध्याकाळ व्हायला लागली तरी पुरतं. घालमेल निर्णयाच्या आधीची, तगमग वाट बघतानाची. हे शब्दांचे खेळ वाटतील पण डिझायनरला यातच पुढचं सगळं सापडतं, कारण रुखरुख हवी असेल तर चित्रात काहीतरी अर्धवट ठेवावं लागतं, बघणाऱ्याचा हात ते पूर्ण करायला पुढे व्हावा असं, आणि हुरहूर हवी असेल तर अंतर लागतं, हवा लागते, मोकळी जागा लागते, तिथे अर्धवट काही ठेवलंस तर उलट लक्ष तिकडेच जाऊन हुरहूर मरते. म्हणजे एकाच विषयाचे दोन अगदी उलटे लेआउट. 'इमोशनल' या शब्दातून कुठलाच निघत नाही. म्हणून तर मग सगळे जाऊन तोच निळा रंग आणि तोच पियानो लावतात.

नाट्यशास्त्रात भरताने एकूण ४९ भाव मोजलेत, ८ स्थायी म्हणजे मनात टिकून राहणारे, ३३ व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, ८ सात्त्विक म्हणजे घाम, रोमांच असे अंगावर दिसणारे. त्या ३३ मध्ये मला फार आवडतो तो 'अवहित्थ', म्हणजे मनात आहे ते चेहऱ्यावर दिसू न देणं. लपवणं हासुद्धा एक भाव म्हणून वेगळा मोजलाय! इतकं बारीक बघायची आपल्याला सवय होती, आता आपल्याकडे पाच इमोजी आहेत. असो.

आणि रंगांचं सांगते मध्येच, कारण तू लिहिलंयस की विरह म्हणून निळा वॉश, म्हणजे रंगाचा पातळ पाणीदार थर, दिला. इंटरनेटवर ते तक्ते फिरतात ना, लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे दुःख, ते एकदा बाजूला ठेव. त्याच नाट्यशास्त्रात शृंगाराचा रंग श्याम आहे, लाल दिलाय रौद्राला, निळा तर बीभत्साला, आणि करुणाचा रंग आहे कपोत, म्हणजे पारव्याचा करडा. पिकासोने १९३७ मध्ये गेर्निका केलं, जवळजवळ पावणेआठ मीटर रुंद, बॉम्बखाली चिरडलेल्या गावाचं चित्र, आणि त्यात रक्ताचा एक लाल ठिपका नाही, सगळं काळं, पांढरं, करडं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मी जोडतेय, पण जोडल्यावर मजा वाटते खरी. रंगाचा अर्थ आजूबाजूला काय ठेवलंय यावर ठरतो, तक्त्यावर नाही.

आता तुझी खरी बोच. रडत केलेलं चाललं नाही, आणि उशीर झाला म्हणून वैतागत केलेलं चाललं. तू यावरून निष्कर्ष काढलास की मी खोटी. मला वाटतं त्या निष्कर्षाच्या खाली एक गृहीतक दडलंय, की कलाकाराच्या मनात जे असतं तेच कामातून वाहत जाऊन समोरच्याला लागतं, संसर्गासारखं. हे काही तुझ्या एकटीचं नाही, टॉलस्टॉयने कलेची व्याख्याच जवळपास अशी केली होती. पण त्याच्या कितीतरी शतकं आधी नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने उलट बाजूने विचार केला, की रस, म्हणजे भावनेचा आस्वाद, नटात नसतो, तो बघणाऱ्या सहृदयात असतो, आणि नटाला 'पात्र' म्हणतात ते उगीच नाही, पात्रातल्या मद्याची चव पात्राला थोडीच लागते. पात्र हा शब्द आपण दिवसभर वापरतो, नाटकातलं पात्र, कथेतलं पात्र, आणि त्यात भांडं आहे हे विसरूनच गेलोय. तर त्या ४० मिनिटांत तू भांडं होतीस. गळकं नव्हतं एवढंच महत्त्वाचं.

पण थांब, याचा अर्थ 'काही वाटलं नाही तरी चालतं, टेक्निक शिका' असा घेऊ नकोस, तेही मला पटत नाही. कॅथे कोलविट्झ म्हणून जर्मन चित्रकार-शिल्पकार होती. तिचा धाकटा मुलगा पीटर १८ वर्षांचा, पहिल्या महायुद्धात ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. तिने लगेच त्याच्या स्मारकाचं मनावर घेतलं. सुरुवातीच्या कल्पनेत पीटर आडवा पडलेला, बाप डोक्याशी, आई पायांशी. कोणालाही सुचेल तेच. मग ती वर्षानुवर्षं त्याच्याशी झटत राहिली, मध्ये काम सोडूनही दिलं, परत हातात घेतलं. १९३२ मध्ये, म्हणजे तब्बल १८ वर्षांनी, तो जिथे पुरलेला त्या दफनभूमीत ते शिल्प लागलं, आणि त्यात मुलगा नाही. फक्त आई आणि बाप, ग्रॅनाइटचे, दोघं गुडघ्यांवर, दोन वेगळ्या दगडांत, मध्ये मोकळी जागा. बाप ताठ, स्वतःलाच हातांनी आवळून धरलेला. आई वाकलेली. जवळ आहेत आणि एकमेकांना शिवत नाहीयेत.

आता तिच्या मनात भावना कमी होती म्हणून का १८ वर्षं लागली? उलट एवढी होती की मुलगा बाजूला काढायलाच एवढा वेळ गेला असणार, हा माझा अंदाज बरं का. मन भरलेलं असलं की आपण सगळं सांगून टाकतो, बघणाऱ्यासाठी काही उरतच नाही. तू रडत होतीस तेव्हा चित्रात स्वतःच राहायला आलीस, दुसऱ्याला बसायला जागा कुठाय?

हे मी हवेत बोलत नाहीये. तू पाठवलेले फोटो झूम करून बघितले (रिझोल्यूशन भयंकर आहे, प्रदर्शनवाल्यांना असले पाठवू नकोस). आधी पोस्टर. दार आहे, हुकाला कुत्र्याचा पट्टा लटकतोय, आणि दाराच्या खालच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, रंग खरवडलेला आहे नखांनी, बऱ्याच वर्षांचा. बस. कुत्रा नाही, डोळे नाहीत, "मला घर द्या" नाही. खाली नुसता फोन नंबर. आपण ते खरवडलेलं बघतो आणि मनात आपोआप कुत्रा उभा राहतो, प्रत्येकाचा आपापला, तू काढला असतास तर तुझा एकटीचा झाला असता.

आता स्विचबोर्ड. सहा नंबरचं घे. बोर्डाभोवती तो काळपट मळलेला गोल आहे, वर्षानुवर्षं अंधारात चाचपडत बोटं लागून भिंतीवर होतो तो, स्विचच्या एका अंगाला जास्त, तिथे अंगठा टेकतो म्हणून. ते तू इतकं अफलातून रंगवलंयस की मी उठून आमच्या हॉलमधला स्विच बघून आले, खरंच. आणि त्याच्यावर काय आहे? निळा वॉश. वॉशमध्ये अर्धवट दिसणारा बाईचा चेहरा. आणि खाली नाव, 'विरह ६'. अगं! मळलेल्या गोलाने जे हळूच सांगितलं ते निळ्याने परत सांगितलं, चेहऱ्याने तिसऱ्यांदा, आणि नावाने माइकवरून. मम्मट नावाच्या जुन्या संस्कृत पंडिताने काव्यप्रकाश या ग्रंथात रसाचे दोष सांगितलेत, त्यातला पहिलाच दोष हा, की भाव किंवा रस त्याचं नाव घेऊन सांगणं. भरताच्या मूळ सूत्रातसुद्धा विभाव (भाव जागवणारी कारणं), अनुभाव (भाव बाहेर दाखवणाऱ्या खुणा), व्यभिचारी यांचा संयोग झाला की रस होतो एवढंच आहे, ज्या स्थायी भावाचा तो रस होतो त्याचा उल्लेखच नाही. यावर पंडितांनी शतकानुशतकं काथ्याकूट केलाय, आपण त्यात नको पडूया, पण आपल्यापुरतं घ्यायचं ते हे की आपल्या हातात भावना नसतेच, वस्तू असतात. पट्टा, हूक, खरवडलेलं दार, मळका गोल. ते कुठे ठेवायचे, किती मोठे, कशाच्या शेजारी, एवढंच आपण ठरवतो.

म्हणून लोक "रंग मस्त आलेत" म्हणाले. बरोबरच म्हणाले ना, तू रंगच पुढे केलास.

एक लहानसं सुचवते, हे कुणालाही करता येईल, लिहिणाऱ्यांनाही. काम झालं की त्यातली जी गोष्ट भावनेचं नाव घेतेय ती हाताने झाका. चेहरा झाका, शीर्षक झाका, ती एक ओळ झाका. झाकल्यावर काम उभं राहिलं तर ती गोष्ट जाऊ दे. पडलं, तर मात्र झाकलेलं परत आणून उपयोग नाही, खाली वस्तूच नाहीये, वस्तू शोधायला हवी.

आता खेळण्याबद्दल, शिसारीबद्दल. हा प्रश्न तुला पडतो हे मला आवडलं, ज्यांना पडायला हवा त्यांना पडत नाही. पण 'आर्ट शुद्ध आणि डिझाइन लबाड' अशी वाटणी तू करून टाकलीयस ती काही खरी नाही. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक बघ, ते डिझाइनच आहे, स्पर्धेतून निवडलेलं, १४२१ प्रवेशिका होत्या, आणि १९८१ मध्ये जिची निवड झाली ती माया लिन २१ वर्षांची विद्यार्थिनी होती. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन काळ्या भिंती, टोकाला वीतभर उंच, मध्ये कोपऱ्यात तीनेक मीटर. त्यावर ५८ हजारांहून जास्त नावं. नावं बाराखडीप्रमाणे नाहीत, मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने आहेत, म्हणजे एका दिवशी गेलेले एकमेकांशेजारी. कोपऱ्यापासून सुरू होऊन उजवीकडे जातात, मग डाव्या टोकापासून परत कोपऱ्याकडे येतात, म्हणून पहिलं मरण आणि शेवटचं मरण कोपऱ्यात शेजारी-शेजारी. अक्षरं जेमतेम अर्ध्या इंचाची, जवळ गेल्याशिवाय वाचता येत नाहीत, आणि दगडाला पॉलिश एवढं की जवळ गेलं की नावांच्या मागे आपलाच चेहरा दिसतो. यातली एकेक गोष्ट योजलेली आहे. लोक तिथे बोटं फिरवत उभे राहतात, रडतात. याला खेळणं म्हणशील?

मी यासाठी एक साधी कसोटी वापरते. बघणाऱ्याला जर सगळी युक्ती उघड करून सांगितली तर काय होईल? लिनच्या भिंतीची युक्ती मी तुला आत्ता सांगितली, आणि मला नाही वाटत त्याने ती भिंत जराही हलकी झाली. आता दुसरं घे, 'ऑफर संपायला फक्त ९ मिनिटं' असा पळणारा टायमर, आणि पेज रिफ्रेश केलं की परत ९ मिनिटं. किंवा नकार द्यायच्या बटणावर लिहिलेलं असतं 'नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही'. असल्या प्रकारांना २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने 'डार्क पॅटर्न' नाव दिलं. ही युक्ती कळली की माणूस चिडतो. पहिल्यात भावना बघणाऱ्याची बघणाऱ्याकडेच राहते, दुसऱ्यात ती त्याच्याकडून काढून घेऊन बिल फाडलं जातं. तुझं कुत्र्याचं पोस्टर लोकांना सांगून टाक की दारावर ओरखडे मुद्दाम काढलेत, कोणी चिडेल? नाही ना, मग झोप शांत.

क्लायंटचं म्हणशील तर "थोडं इमोशनल करा" हा ब्रीफ, म्हणजे कामाची नेमकी मागणी, नसतो, ती कुरकुर असते, काहीतरी कमी वाटतंय पण काय ते सांगता येत नाहीये एवढाच त्याचा अर्थ. त्यावर वाद घालू नकोस, विचार की हे बघितल्यावर माणसाने काय करावं असं वाटतं तुम्हाला? थांबावं, फोन करावा, आईला फॉरवर्ड करावं, की निश्चिंत व्हावं? वाटण्याचं विचारलं की माणसं गोल गोल बोलतात, करण्याचं विचारलं की बरोब्बर सांगतात.

आणि 'निश्चिंत' मी उगीच नाही घातलं त्यात. खूप वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलसाठी मी फॉर्म डिझाइन केला होता, पेशंट गेला की त्याच्या वस्तू नातेवाइकांनी घेऊन जायचा. मी तरुण, भावना जागवणाऱ्या पंथातली, तुझ्यासारखीच. कोपऱ्यात फिकट फूल टाकलं, वर 'आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत' नाजूक तिरक्या अक्षरात, कागद मऊ क्रीम रंगाचा. काउंटरवरच्या सिस्टरने फॉर्म हातात धरला, दोन सेकंद बघितला आणि म्हणाली, "मॅडम फूल राहू दे हवं तर, पण ही चौकट मोठी करा, लोकांचा हात थरथरतो. आणि गेलेल्याचं नाव चारदा कशाला लिहायला लावता?" मी मोजलं, खरंच चारदा होतं. जुन्या फॉर्मवरून मी तसंच उचललं होतं, फुलाच्या नादात बघितलंच नाही. मग नाव एकदाच ठेवलं, चौकटी दुप्पट केल्या, ओळींमध्ये अंतर वाढवलं, फूल मीच काढलं. त्या फॉर्मने कोणी कधी गहिवरलं नसेल, कोणाच्या लक्षातही राहिला नसेल. पण मला आजही कोणी विचारलं की तुझं सगळ्यात भावनेने केलेलं काम कुठलं, तर मी तो फॉर्म सांगते, आणि लोकांना वाटतं मी मस्करी करतेय. तर डिझाइन सोडायच्या आधी एवढं बघ की कधीकधी भावना जागवायची नसते, ती आधीच जागी असते, तिला आणखी धक्का लागू द्यायचा नसतो. हे शिकायला मिळतं ते या कामातच. नोकरीचा कंटाळा आला असेल, पैसे कमी असतील, बॉस छळत असेल तर जरूर सोड, ती कारणं चांगली आहेत. तू लिहिलेलं कारण मला पुरेसं वाटलं नाही.

रडणं म्हणजे यश हे मोजमापसुद्धा जरा सैल कर. "छान आहे" हे बऱ्याचदा माणसं शब्द सापडत नाहीत म्हणून म्हणतात, आणि समोर चित्रकार उभी असली की अजूनच. तेव्हा तोंडाकडे बघू नकोस, पायांकडे बघ. किती वेळ थांबला, परत मागे आला का, जवळ गेला का. आणि विचारायचंच तर 'कसं वाटलं' विचारू नकोस, 'काय आठवलं' विचार. प्रदर्शनाआधी चार-पाच जणांना, त्यात निदान दोन चित्रकलेशी संबंध नसलेले, एकेकट्याला दाखव आणि स्वतः तोंड बंद ठेव, हे फार अवघड जातं, मी अजूनही मध्येच समजावायला लागते. कोणी सांगायला लागलं की आमच्या जुन्या घरात स्विच दाराच्या मागे होता आणि पाहुण्यांना कधी सापडायचा नाही, तर झालं तुझं काम, मग तो रडो न रडो.

आता ते पान. 'माझी कला भावना जागवते' हे वाक्य काढ. खोटं आहे म्हणून नाही, पण ते तुझं नाही, कोणाच्याही पोर्टफोलिओवर चिकटेल. आणि तुझं स्वतःचं वाक्य तुझ्याच कामात पडलेलं आहे, तुला दिसत नाहीये एवढंच. पोस्टर आणि चित्रं तू एकमेकांच्या विरुद्ध उभी केलीस, एक खोटं, एक खरं. मला तर दोन्हीकडे एकच बाई दिसतेय. नखांनी खरवडलेलं दार, अंगठ्याने मळलेली भिंत. पुन्हा पुन्हा लागून झिजलेली, माखलेली जागा, आणि जिच्यामुळे ती झिजली ती व्यक्ती आता तिथे नाही. ४० मिनिटांत, घाईत, काही न ठरवता तुझा हात गेला तो ओरखड्यांवरच गेला, आणि सहा महिने ठरवून केलंस तेव्हाही तिथेच गेला, फक्त नंतर तू घाबरून वर निळं ओतलंस. जुनी कामं काढून बघ, शपथेवर सांगत नाही पण अजून दोन-तीन ठिकाणी सापडेल बघ, जिन्याचा कठडा, चावीच्या भोकाभोवतीचे चरे, असलं काहीतरी. ते पानावर लिही. कुठल्या खुणा बघतेस, कधीपासून, कुठल्या कागदावर, मळ कसा रंगवतेस, किती थर देतेस. दहा-बारा साध्या ओळी पुरे. भावना हा शब्द त्यात एकदाही नको.

निळ्या वॉशचं काय करायचं ते तू ठरव, ११ च्या ११ परत करायला दोन महिने कमी आहेत हे मला कळतं. मी असते तर त्यातली पाचच परत केली असती, चेहऱ्याशिवाय, आणि फक्त तीच लावली असती. नावं म्हणून खोली लिही, 'मागची खोली', 'बाथरूमबाहेर', 'पलंगाशेजारी'.

आणि हो, सहा नंबरमधला तो अंगठ्याच्या डागाशेजारचा स्विच चालू आहे की बंद, फोटोत काही केल्या कळेना. चित्रातही कळत नसेल तर आधी ते ठरव.